चौदाचं माप

पेंतेक शाराच्या खिडकीशेजारी भिंतीत खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला मेण लावलेल्या दोऱ्यांचे झुपके लटकत. एक दोरा म्हणजे गावातल्या एका बाईचं मनगट. शारा मापाची फीत वापरत नसे. फीत जुनी झाली की ताणते, आणि ताणलेली फीत खोटं बोलते, असं तिचं म्हणणं. दोरा मनगटाभोवती घ्यायचा, एक बोट आत शिरेल इतका सैल ठेवायचा, गाठ मारायची आणि कापायचा. मग पितळी पट्टीवर ठेवून सेंटिमीटर बघायचे. आकडा ती कुठे लिहीत नसे. सगळे लक्षात असत.

सव्वीस वर्षं तिने कोलोझ्वार शहरातल्या लाकडी सामानाच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासले. पहाटे पाचची बस, संध्याकाळी सहाची परत. पॉलिशकागदाने बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की पेन्शनच्या कागदावर अंगठा उठेना. बाकी तिची तक्रार नव्हती. काम संपलं, नवरा त्याआधीच गेला होता, मूल झालं नव्हतं. आईकडून शिकलेल्या ज्या मनगटपट्ट्या ती सुट्टीच्या दिवशी करायची, त्या आता घरी बसून रोज करू लागली.

एका जोडीला चोवीस दिवस. दिवस म्हणजे सकाळी आठ ते उजेड पिवळा पडेपर्यंत. जाड सुती कापडाचे दोन थर खळीने चिकटवून वाळवायचे, वर लोकरीचं कापड ताणून बसवायचं, त्यावर खडूने गुलाब आणि पानं काढायची. मग मणी. एका सुईत मणी ओवून ओळ कापडावर मांडायची, दुसऱ्या सुईने दर तिसऱ्या मण्यापाशी ती ओळ टाचायची. पाचव्यापाशी टाचली तर काम लवकर उरकतं आणि पाच वर्षांत ओळ लोंबायला लागते. शारा तिसऱ्यापाशीच टाचायची. कडेला तीन-तीन मण्यांची दातेरी किनार, आत अस्तर, एका टोकाला तीन बटणं, दुसऱ्या टोकाला तीन फासे. चुणीदार बाहीवर ही पट्टी घट्ट बसली की हात कसा दिसतो, हे गावातल्या बायकांना सांगावं लागत नसे.

पोरींना लाल. लेकरं झाली की लालात हिरवा शिरतो. पन्नाशीनंतर गडद हिरवा. आणि एक जोडी काळ्या-निळ्या मण्यांची. ती प्रत्येक बाई करून घेते, पेटीच्या तळाशी ठेवते आणि जिवंतपणी घालत नाही. तिला बटणं नसतात. ती एकदाच चढते आणि तिथेच शिवून टाकतात. त्या जोडीची घाई कुणी करत नाही. करून घेणारी म्हणते, होईल तेव्हा होईल. करणारी महिन्याला चार ओळी घालते. वर्ष लागो, दोन लागोत, विचारायचं नाही. घाई केली तर हाक मारल्यासारखं होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुदोर इल्का दारात आली. दोघी शाळेपासूनच्या. इल्काच्या रेकाला बाप्तिस्म्याच्या वेळी शारानेच हातावर घेतलं होतं, म्हणजे ती रेकाची धर्मआई.

"बूट काढ," शारा मान वर न करता म्हणाली. "काल फरशी घासलीय."

"तुझी फरशी चर्चपेक्षा पवित्र." इल्का बूट काढून बाकावर बसली. बसताना तिने टेबलाची कड धरली. "माझ्या लेकीचं कुठवर आलं?"

"उजवी झाली. डावीचं दुसरं फूल."

रेकाची लाल जोडी चौकटीवर ताणलेली होती. लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी. इल्काने बराच वेळ त्या लाल फुलाकडे पाहिलं, मग एप्रनच्या खिशातून गाठ मारलेला दोरा काढून टेबलावर ठेवला.

"माझी खालची जोडी घे आता करायला. काळी-निळी."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी आठवलं? तुझ्या बरोबरीच्या बायकांच्या जोड्या पेटीत पडून कंटाळल्या."

"म्हणून तर. ईस्टरच्या आधी दे."

शाराची सुई थांबली. "ईस्टर नऊ आठवड्यांवर आलाय."

"मला मोजता येतं."

"आणि ही जोडी तारीख लावून करत नाहीत, हेही तुला येत असेल."

"लग्नाच्या गडबडीत राहून जाईल गं. एकदा हातावेगळं झालं म्हणजे बरं."

"तुझा दोरा आहे माझ्याकडे. हा कशाला?"

"तो नको. हाच घे." इल्का उठली, बूट घातले आणि एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारी बाई चहा न घेता गेली.

शाराने दोरा पितळी पट्टीवर ठेवला. चौदा.

खिळ्यावरचा इल्काचा दोरा साडेसतराचा होता. तीस वर्षं सामूहिक गोठ्यात चाळीस-चाळीस गाई पिळलेला तो हात. इल्काच्या लग्नात त्याला पट्टी बसवताना शारानेच म्हटलं होतं की हे मनगट नाही, कुंपणाचा खांब आहे. चौदाचं मनगट इल्काचं नव्हे. मग कुणाचं?

रेकाचा दोरा जानेवारीत घेतलेला. पंधरा. त्यात बोटाची सैल जागा. ती सोडली तर चौदाच.

शारा खुर्चीवर तशीच बसून राहिली. नाताळच्या प्रार्थनेत रेका उभ्या उभ्या खाली बसली होती. दाटी, थंडी, रिकामं पोट, असं सगळ्यांनी म्हटलं होतं आणि शारानेही म्हटलं होतं. लग्नाआधी पोर गेली तर तिला नवरीचाच पोशाख घालतात, पट्ट्या लालच. पण लग्न झालं की ती पोर राहत नाही, बाई होते. बाईला काळी-निळी. समोरच्या चौकटीवर एक जोडी आणि टेबलावर दुसरीचा दोरा. त्या दिवशी शाराने एकही मणी ओवला नाही. गेल्या चार वर्षांत असा दिवस गेला नव्हता.

रविवारी तिने रेकाला जेवायला बोलावलं. रेका शहरात शिलाई कारखान्यात होती, रविवारीच मोकळी. आलुबुखाराचा मुरंबा भरलेले गोळे शाराने उकडले होते. रेकाने अकरा खाल्ले.

"हात आण इकडे," शारा म्हणाली.

"परत? जानेवारीत घेतलं होतंस ना, धर्मआई."

"जाड झालीस का बघते."

"झालेच असेन. आई स्वतःच्या ताटातलं पण माझ्याच ताटात ढकलते."

शाराने दोरा आवळला. पंधरा, केसभर जास्तच. हात गरम होता, नस जोरात उडत होती, नखं गुलाबी. शाराला एकदम हलकं वाटलं. ते वाटणं संपायच्या आत तिच्या मनात रेकाचं बोलणं पुन्हा आलं.

"ती का जेवत नाही?"

"म्हणते, लग्नात पोशाख अंगावर बसला पाहिजे." रेका हसली. "या वयात नखरे सुचलेत बाईसाहेबांना. कालपासून गालांना लाली लावते. मी म्हटलं, आई, नवरी कोण, मी का तू?"

शारा हसली नाही. तिने बशी उचलली आणि धुवायला नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती इल्काच्या गोठ्यात गेली. इल्का गाईच्या कुशीला डोकं टेकून स्टुलावर बसली होती. बादली रिकामी होती.

"बाही वर कर," शारा म्हणाली.

"काम चाललंय माझं."

"दिसतंय ते. कर वर."

इल्काने बाही वर केली. शाराने खिशातून दोरा काढला, घेतला, गाठ मारली. पितळी पट्टीची गरज पडली नाही. साडेसोळा असेल.

"चौदा कशावरून?" तिने विचारलं.

इल्काने बाही खाली ओढली. "आईचं शेवटी चौदा झालं होतं. मी सगळी तिच्यावर गेलेय, दातांपासून. तिची जोडी आठवते तुला? निरोगी असतानाची, सतराची. शवपेटीत ठेवायच्या वेळी हातात बांगडीसारखी फिरत होती. प्रेत धुवायला आलेल्या कतो नेनीने टाचणी मारली. काळ्या मण्यांवर पांढरी टाचणी, आणि सगळं गाव बघत उभं. मला टाचणी नको."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"कोलोझ्वारचा? मी विचारलं, स्ट्रॉबेरीच्या वेळेला मी असेन का. म्हणाला, तुम्हाला स्ट्रॉबेरी फार आवडतात का?" इल्का थोडी हसली, मग पोट धरून थांबली. "भला माणूस आहे. खोटं बोलायला शिकलेला नाही."

"रेकाला सांगितलं पाहिजे."

"सांग. मग काय होईल तेही सांग. गेर्गेचा बाप गेला तेव्हा रेकाचं आणि त्याचं लग्न वर्षभर थांबलं. सुतकाचं वर्ष. आता मी आधी गेले तर आणखी एक वर्ष. आणि मी आजारी आहे कळलं तर पोर मला सोडून नवऱ्याच्या गावाला हलणारच नाही. माझ्या बिछान्याशी बसेल, तो तिकडे बसेल, आणि दोघं म्हातारी होतील. एवढा शनिवार निघू दे, शारा. पुढचं मी मागत नाही."

गाईने पाय बदलला. शाराने दोरा गुंडाळून खिशात घातला.

"काळी जोडी मी घाईने करणार नाही," ती शेवटी म्हणाली. "महिन्याला चार ओळी. तू काही म्हण. आणि तुझ्या हिरव्या पट्ट्या उद्या आणून दे. काल चर्चमध्ये त्या ढळत होत्या. तू पहिल्या बाकावर बसतेस. मागच्या बाया आधी मनगट बघतात, मग प्रार्थना करतात."

तेव्हापासून दर गुरुवारी इल्का मागच्या दाराने येई. शारा माप घेई. साडेसोळा. सोळा. मग दोन आठवडे सोळाच, आणि दोघी त्याबद्दल बोलत नसत, न जाणो काय होईल म्हणून. मग साडेपंधरा.

भरलेली पट्टी लहान करणं म्हणजे नवी करण्यापेक्षा जास्त काम. अस्तर उसवायचं. दोन्ही टोकांचे मणी काढायचे, दोन्हीकडचे, नाहीतर गुलाब मधोमध राहत नाही आणि लांबूनही ओळखू येतं. अर्धा सेंटिमीटर म्हणजे अडीच मणी. अडीच मणी निघत नाहीत, म्हणून या खेपेला तीन, पुढच्या खेपेला दोन. कापड आत दुमडायचं, दाबायचं, किनार नव्याने घालायची, बटणं हलवायची. दोन पट्ट्यांना तीन दिवस.

"कापून का टाकत नाहीस जास्तीचं?" एकदा इल्का म्हणाली. "आत केवढं जाड झालंय."

"कापलं की परत मोठं करता येत नाही."

"परत मोठं करणार आहेस?"

शाराने दोरा दाताने तोडला आणि दुसरी बाही वर करायला सांगितलं.

मार्चच्या शेवटी तिच्या हातून चूक झाली. एकाच टेबलावर तीन जोड्या होत्या: लाल, हिरवी, काळी-निळी. तिच्या आईने असं कधी केलं नसतं. आई खालच्या जोडीची सुई वेगळ्या डबीत ठेवायची आणि त्या दिवशी दुसऱ्या कामाला हात लावायची नाही. शाराकडे तेवढे दिवस नव्हते. एका सकाळी तिने रेकाची डावी पट्टी खिडकीशी धरली, तर पानाच्या देठात तीन काळे मणी. लाल ओळीत, नीट टाचलेले, तिसऱ्यापाशी. तिच्याच हाताचे. वरून अकरा ओळी भरून झाल्या होत्या.

मधले तीन मणी फोडून काढता आले असते. चिमट्यात धरून दाबलं की काच तडकते आणि दोरा तसाच राहतो. पण तिथे फट राहते, आणि करणारीला ती कायम दिसते. शाराने अकरा ओळी उसवल्या. चार दिवसांचं काम. ते तीन मणी तिने चुलीत टाकले आणि जळत नाहीत हे माहीत असून झाकण लावून घेतलं.

त्याच आठवड्यात कतो नेनी आली. एक्याऐंशीची बाई, सगळ्यांची नेनी म्हणजे मावशी, चाळीस वर्षं गावातली मेलेली माणसं धूत आणि कपडे घालत आलेली. तिच्या स्वतःच्या पट्टीची किनार सुटली होती. ती बसली आणि तिची नजर सरळ इल्काच्या उसवलेल्या पट्ट्यांवर गेली.

"इल्काच्या ना? उसवल्यास कशाला?"

"अस्तर कुजलं होतं."

कतो नेनीने वाटीतले सुटे हिरवे मणी बोटाने ढवळले. "अस्तर बदलताना मणी काढतात होय? माझ्या वेळी नव्हतं."

शाराने वाटी आपल्याकडे ओढली.

"मी कुठे काय विचारतेय. मी हात बघते, दुसरं मला येत नाही. परवा भजनाचं पुस्तक धरलं होतं तिने. मी तिसऱ्या बाकावरून पाहिलं."

"लग्नापर्यंत तोंड बंद ठेव, कतो नेनी."

"माझं तोंड? मी धुतलेल्यांपैकी एकीने तरी माझी तक्रार केलीय का?" म्हातारीने आपली पट्टी पुढे सरकवली. "ही घट्ट शीव. आणि तिला सांग, पायात जाड मोजे घालत जा. पाय आधी फुगतात."

ती गेल्यावर शाराने वाटी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. त्याचा उपयोग नाही हे तिला कळत होतं.

शनिवार उजाडला तेव्हा आकाश स्वच्छ होतं. शारा सकाळी सहाला इल्काकडे गेली. माप पंधरा. तिने रात्रीच तेवढ्या करून ठेवलेल्या हिरव्या पट्ट्या इल्काच्या हातात चढवल्या. आत दोन लोकरी बंड्या, गालांना लाली, डोक्याला घट्ट रुमाल. उंबऱ्यातून पाहिलं तर इल्का चांगली दिसत होती. जवळून पाहायला आज कुणाला वेळ नव्हता.

मग तिने रेकाला सजवलं. घागरा, एप्रन, मण्यांचा मुकुट, शेवटी लाल पट्ट्या. तीन बटणं, तीन फासे. आईचं आणि लेकीचं मनगट आज एकाच मापाचं होतं. शाराने ते मनातल्या मनातही नीट उच्चारलं नाही.

पाहुणे अंगणात भरले. व्हायोलिनवाले कुंपणाशी उभे राहिले. गावची रीत अशी की नवरी चर्चला निघण्याआधी पुढच्या खोलीत आईचा निरोप घेते, आणि आई घरीच राहते, चूल सांभाळते. नवऱ्याच्या मित्रांपैकी एक जण निरोपाच्या ओळी म्हणतो. तो म्हणाला, आता लेक आईचे हात हाती घेते. रेकाने आईचे दोन्ही हात धरले आणि ओठांना लावायला वर उचलले.

तिची बोटं पट्टीच्या खालच्या बाजूला गेली आणि थांबली.

लहानपणी सहा वर्षं, कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी, ती शाराच्या टेबलाशी बसलेली पोर होती. पट्टीच्या आत कापड किती जाड असतं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. इथे ते पाचपट होतं. तिने अंगठा फिरवला. एक घडी, दुसरी घडी, तिसरी. मग हात उलटा करून पाहिला. जुने मणी, नवा दोरा.

खोलीत बायका डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं, नवरीला रडू येतंय. रेकाने मान वर करून दाराकडे पाहिलं. तिथे शारा उभी होती. शाराने तिच्या डोळ्यांवरून नजर काढली नाही, मानही हलवली नाही. तेवढं पुरलं.

ओळी म्हणणाऱ्याने घसा साफ केला आणि मागची ओळ पुन्हा म्हटली.

"किती दिवस?" रेकाने आईला विचारलं. इतकं हळू की आई आणि शारा सोडून कुणाला ऐकू गेलं नाही.

"आज नाही," इल्का म्हणाली. "आज तू जा. गेर्गे उभा आहे बाहेर. जा म्हणते ना."

रेका हलली नाही. इल्काच्या कपाळावर लालीच्या वर घाम आला. सगळे नऊ आठवडे या एका घटकेसाठी होते, आणि आता पोरीने एक शब्द मोठ्याने उच्चारला असता तर अंगणातली माणसं टोप्या काढून घरी गेली असती.

"धर्मआई," रेका म्हणाली, "आईची शाल आण."

"शाल कशाला?" ओळी म्हणणारा गोंधळला. "नवरीची आई चर्चला येत नाही."

"आज येतेय."

"चुलीवर सूप आहे," इल्का म्हणाली.

"सूप पळून जात नाही. चल."

कुणी काही म्हणायच्या आत तिने आईचा हात आपल्या कोपरात घेतला आणि उंबरा ओलांडला. अंगणात गेर्गे उभा होता, उंच, कमी बोलणारा. त्याने दोघींकडे पाहिलं, कुणालाच काही विचारलं नाही, आणि इल्काच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. नवरा-नवरीच्या मध्ये सासू, अशी वरात या गावाने पाहिली नव्हती.

"हिला सोडवत नाही वाटतं आईला," कुणीतरी म्हणालं. दोघी-तिघी हसल्या.

चर्च टेकडीवर. वाट चढाची. व्हायोलिनवाल्यांनी नेहमीची धावती चाल धरली, आणि विसाव्या पावलावर ते फार पुढे गेले. थांबले, मागे पाहिलं, चाल कमी केली. पुन्हा पुढे गेले. शेवटी म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याने गज जवळजवळ थांबवला आणि एकेक सूर ओढायला लागला. इल्का एक पाऊल टाके, उभी राही, मग दुसरं. रेका तिच्या पावलाला पाऊल जुळवत होती. तिचा मुकुट हलत नव्हता. मागच्या रांगांना पाय आखडावे लागले. कुणी कुणाच्या टाचेवर चढलं, कुणी पुटपुटलं.

कतो नेनी आपल्या फाटकाशी काठीवर हात ठेवून उभी होती. वरात तिच्यासमोरून जायला खूप वेळ लागला.

"ही चाल मला ठाऊक आहे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

शेजारच्या बाईचं हसू गेलं. तिने पुढे पाहिलं, इल्काच्या रुमालाखालच्या मानेकडे, मग आपल्या मुलीचा हात ओढून जवळ घेतला. ते कळणं रांगेतून मागे गेलं, शब्दाशिवाय. गाणं म्हणणारे एकेक करून थांबले. पुरुषांपैकी दोघांनी, का ते न कळता, टोप्या काढून हातात घेतल्या. शारा वरातीच्या कडेने चालत होती आणि इल्काच्या हिरव्या पट्ट्यांकडे बघत होती. पट्ट्या ढळल्या नव्हत्या. लाली गालांवरून ओघळून हनुवटीशी आली होती.

"अजून किती?" इल्काने विचारलं.

"पन्नास पावलं," रेका म्हणाली. "थांबत चल. घाई नाही."

चर्चच्या दारात घंटावाला दोर हातात धरून तयार होता. वरात दिसली की ओढायचा, हे त्याचं काम. त्याने ती टोप्या काढलेली माणसं पाहिली, तो सूर ऐकला, ती पावलं पाहिली. गावात घंटा दोन तऱ्हांनी वाजते. त्याचा हात दोरावर तसाच राहिला.

वरात थांबली. इल्काने डोळे मिटून घेतले होते आणि तिचा सगळा भार दोघांच्या हातांवर होता. रेकाने घंटावाल्याकडे पाहिलं.

"लग्नाची वाजव," ती म्हणाली.